पाचोडला राहून आलेली देवी

दोन हजार तेवीस सालच्या फाल्गुनात वच्छलाबाई घरातले देव घेऊन माहूरला गेल्या, तेव्हाची ही गोष्ट.

त्यांच्या पुतण्याचं, सत्यमचं लग्न वैशाखात धरलं होतं. सत्यम हा धाकट्या जावेचा, केसरबाईचा मुलगा. घरात लग्न निघालं की आधी देव्हाऱ्यातले देव माहूरच्या गडावर न्यायचे, कुलदेवीच्या पायाला लावून त्यांची भेट करवायची, परत आणायचे, आणि लग्न लागलं की त्यांच्यासमोर गोंधळ घालायचा, ही त्या घराची रीत. देव म्हणजे पाच टाक. तळहातावर सहज मावतील असे चांदीचे पत्रे, तांब्याच्या पाठीवर बसवलेले, त्यांवर ठोकून उठवलेले देव. खंडोबा, भैरवनाथ, घराण्यातले दोन वीर आणि माहूरची रेणुका. वच्छलाबाईंच्या सासूच्याही आधीपासून हे देव घरात होते. इतक्या बायकांनी ते चिंच-रांगोळीनं घासले होते की देवीचं नाक पार झिजून गालाला मिळालं होतं. तिच्या पाठीला कधीकाळी चीर गेली, तिथं सोनारानं डाग देऊन ठिगळ लावलं होतं.

सासूनं, द्वारकाबाईनं, शेवटच्या दुखण्यात हे देव वच्छलाबाईंच्या ओटीत घातले. थोरली सून म्हणून. "सांभाळ," एवढंच म्हणाल्या. त्याला कितीतरी वर्षं झाली. पुढं अभयनं, वच्छलाबाईंच्या मुलानं, शहरात हर्सूलला घर बांधलं आणि आईवडिलांना बोलावून घेतलं. फुलंब्रीजवळच्या गावी दीर सर्जेराव आणि केसरबाई राहिले. वच्छलाबाई निघाल्या तशा देवही घेऊन आल्या. तेव्हापासून केसरबाईंचं बोलणं तुटक झालं. सणावाराला यायच्या, वाढायच्या, उरकायच्या, पण जुनं हसणं गेलं. शेजारणींकडं म्हणायच्या म्हणे, "देव शिवारात शोभतेत. फरशीवर कशाला बसवायचे?" ते फिरून वच्छलाबाईंच्या कानावर यायचंच.

माहूरला निघायच्या आदल्या दिवशी फोनवर केसरबाई म्हणाल्या, "बाई, माझ्यानं यायला जमायचं नाय, मोसमाचं काम हाये. देव नीट न्या आन् नीट आणा. माझ्या लेकाचं कार्य हाये."

"आजवर काय फेकून आणले का?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"तसं नाय म्हणले मी."

पण म्हटलं होतं ते तसंच, हे दोघींना कळलं.

अभयच्या गाडीनं तिघं निघाले. वच्छलाबाई, त्यांचे मालक कडूबा, आणि गाडी चालवायला अभय. जालना, वाशीम, पुसद. पुसद सोडलं की सागाचं रान लागतं, आणि त्या दिवसांत मधूनमधून पळस असा पेटलेला असतो की डोळे मिटले तरी लाल दिसत राहावं. वच्छलाबाई काचेला कपाळ लावून बसल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर, नवी नवरी असताना, सासूनं त्यांना पहिल्यांदा इथं आणलं होतं. तेव्हा एसटीत देवांची टोपली सासूनं वाटभर मांडीवर धरली होती. कुणी म्हणालं, "म्हातारे, ठेव ना खाली," तर सासू म्हणाली, "माझ्या आईला भेटायला चाललेत लेकरं. खाली कशी ठेवू?" देवांना ही बाई लेकरं म्हणते याचं नव्या नवरीला हसू आलं होतं. आता तीच टोपली त्यांच्या मांडीवर होती आणि अभय आरशातून म्हणत होता, "आई, मागच्या शिटावर ठेव की." त्यांनी ऐकलं नाही.

गडाच्या पायऱ्या कडूबांनी हाशहुश करत चढल्या. "अभ्याची माय," ते म्हणाले, "देवी येवढ्या वर कशाला येऊन बसली गं?"

"तुम्ही उठसूट दारात येऊ नये म्हणून."

वर गाभाऱ्यात देवीचा तो भला मोठा शेंदरी मुखवटा, मळवट भरलेला, मुखात विडा. वच्छलाबाईंना तिच्यासमोर उभं राहिलं की मागायचं काही आठवत नसे. त्या दिवशीही आठवलं नाही. पुजाऱ्यांनी ताम्हणातले पाचही टाक देवीच्या पायाला लावले, कुंकवानं माखले, परत दिले. बाहेर खलात विड्याची पानं कुटण्याचा ठकठक आवाज चालला होता. कुटलेला तांबूल हातावर आला. कडूबांना दात कमी, पण हा प्रसाद त्यांना चावावा लागत नसे. ते खूश झाले. मग दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, असं करत तिघं उन्हं कलायच्या आत खाली उतरले.

धर्मशाळेच्या अंगणात नळ होता. देव कुंकवानं आणि तेलानं चिकट झाले होते, म्हणून वच्छलाबाईंनी ते तिथं धुतले आणि लाल खणावर उन्हात मांडले. शेजारी आणखी एक बाई तेच करत होती. साधारण त्यांच्याच वयाची, ठेंगणी, कपाळावर मोठं गोंदण. तिचाही खण लाल. तिचेही टाक पाचच.

"कुठल्या तुम्ही?" त्या बाईनं विचारलं.

"फुलंब्रीच्या." हर्सूलला येऊन आठ वर्षं झाली होती, पण कुणी विचारलं की वच्छलाबाईंच्या तोंडून हेच यायचं. "तुम्ही वं?"

"पाचोडच्या. मोसंबीची बाग हाये आमची."

एवढ्यावर दोघींची गट्टी जमली. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून दोघींनी भाकरीबरोबर एकमेकींचं सगळं घर वाटून खाल्लं. पाचोडवालीची मुलगी वैजापूरला दिलेली, जावई कांद्याच्या आडतीत. नवऱ्याला ऐकायला कमी. मागच्या पोळ्याला म्हैस गेली, तिच्यासाठी अजून जीव तुटतो. वच्छलाबाईंनीही आपलं गुडघ्याचं, सुनेचं, सत्यमच्या लग्नाचं सांगितलं. कुणाची लेक कुणाला दिली इथपर्यंत सगळं विचारून झालं. नाव तेवढं दोघींनीही विचारलं नाही. यात्रेत बायका गावावरून ओळखतात. एक पाचोडवाली, एक फुलंब्रीवाली. नावाची गरज कुणाला पडते?

तेवढ्यात माकडं आली. माहूरची माकडं प्रसादाची पिशवी बरोबर ओळखतात. एकानं पाचोडवालीचा नारळ उचलला, दुसऱ्यानं वच्छलाबाईंच्या खणाचं टोक धरलं. दोघी "अगं बाई, देव!" म्हणून धावल्या. पाचोडवालीचे मालक काठी घेऊन भलत्याच बाजूला पळाले, कारण आरडाओरडा कुठून आला ते त्यांना समजलं नाही. कडूबा माकडाला हात जोडून म्हणाले, "मारुतराया, नारळ घे पण आमचं खटलं सोड." दोघींनी हाताला लागतील तसे देव गोळा केले, मोजले, पाच भरले, खणात बांधले. मग हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निरोप घेताना पाचोडवालीनं दोन मोसंब्या ओटीत घातल्या.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई पूजेला बसल्या. खंडोबा घासला, भैरवनाथ घासला, वीर घासले. देवीचा टाक हातात घेऊन अंगठा फिरवला आणि अंगठा थांबला.

नाक होतं.

नुसतं नाक नव्हे, नाकात नथही होती, बारीक ठोकलेली, बोटाला टोचेल अशी. त्यांनी टाक उलटा केला. तांब्याची पाठ सपाट, नवी. ठिगळ नाही.

त्यांनी हाक मारली, "अवं, जरा इकडं या."

कडूबा वर्तमानपत्र घेऊनच आले. त्यांनी टाक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "देवीच हाये की."

"आपली नाय."

"देवी ती देवी. हिच्या नाकात नथ बी हाये. बरं झालं की."

"बरं झालं?" वच्छलाबाईंचा आवाज चढला. "तुमच्या आईच्या बदल्यात मी दुसरी म्हातारी आणून बसवली, आन् म्हणले हिला दात बी हायेत, तर चालंल का?"

कडूबांनी वर्तमानपत्राची घडी केली. अभय म्हणाला, "आई, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो, पाचोडच्या कुठल्यातरी ग्रुपला."

"माझी देवी काय हरवलेलं ढोर हाये, दवंडी पिटायला?"

पण मनातून त्या घाबरल्या होत्या. देवी हरवली हे एक. आणि दुसरं म्हणजे वैशाख जवळ येत होता. देव गावी न्यायचे, केसरबाईंच्या अंगणात, गोंधळाच्या चौकावर मांडायचे. केसर बघणार. तिला कळणार का? बहुतेक नाहीच. तिनं हे देव कधी रोज घासले नव्हते. नथवाली देवी खणात बसवली, वर हार घातला, तर गोंधळीही ओळखणार नाहीत, सर्जेरावही ओळखणार नाहीत. आणि कळलं, तर मात्र केसर म्हणायला मोकळी. सांभाळता आले नाहीत ना? मग द्या इकडं. देव जातील, आणि सासूनं ओटीत घातलेला एक शब्द होता, तोही जाईल.

दोन-तीन दिवस त्यांनी असेच काढले. नथवालीची पूजा मात्र चुकवली नाही. तिला फक्त पाण्यानं धुवायच्या, अलगद टिपायच्या. चिंच लावायच्या नाहीत. दुसरीच्या घरची नथ आपल्या हातानं झिजू नये. मग एका दुपारी त्यांनी फोन उचलला आणि केसरबाईंना सगळं सांगून टाकलं. माकडापासून ठिगळापर्यंत.

पलीकडं कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"केसर? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. पाचोडचा बाजार कवा असतोय, अभयला इचारून ठिवा. मी सकाळच्या गाडीनं येते. अन् माझ्यासाठी सैपाक करून ठेवू नका, मी भाकरी घेऊन येते."

बाजाराच्या दिवशी दोघी जावा मध्यवर्ती बसस्थानकावर भेटल्या. केसरबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, काखेत पिशवी. त्यांनी आधी वच्छलाबाईंच्या हातातली टोपली घेतली, झाकण न उघडता कपाळाला लावली आणि परत दिली. वाटेतलं आडूळ येईपर्यंत वच्छलाबाई वाट बघत होत्या की ही आता म्हणेल, मग म्हणेल. शेवटी केसरबाईच म्हणाल्या, "बाई, एक इचारू? तुम्ही तीच देवी मांडली असती तर मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मंग सांगितलं कशापायी?"

"तुझ्या लेकाचा गोंधळ हाये, केसर. दुसऱ्याच्या कुळाच्या देवीपुढं कसा घालू? ती बिचारी म्हणेल, हे कोण लोक?"

केसरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर मोसंबीच्या बागा सुरू झाल्या होत्या.

"आठ वर्षं मी तुमच्यासंगं तोंड वाकडं करून ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटलं असंल, हिला देव पायजेत."

"पायजेत ना?"

"मला कशाला वं? दोन म्हशी, शेत, ह्यांचा दमा. पाच टाक घासत बसायला सवड कुणाला हाये? तुम्ही करता ते मला जन्मात जमायचं नाय, ते मला ठाऊक हाये." त्या वच्छलाबाईंकडं वळल्या. "तुम्ही इचारलं नाय, बाई. सकाळी टेंपो भरून तुम्ही गेल्या. मी दूध काढून आत आले, दिवा लावायला गेले, तर देव्हारा रिकामा. घरातलं कुणी गेल्यावाणी झालं मला. नुसतं म्हणल्या असत्या, केसर, नेते गं. मी स्वतः टोपली भरून दिली असती."

वच्छलाबाईंना ती सकाळ आठवली. टेंपोवाला घाई करत होता, गाद्या बांधायच्या होत्या, आणि देव तर थोरलीचेच, त्यात विचारायचं काय, असं वाटलं होतं. त्यांनी केसरबाईंचा हात धरला. तो शेणकामानं खडबडीत झालेला मोठा हात त्यांच्या हातात गाडी थांबेपर्यंत होता.

"मंग आता इचारते," वच्छलाबाई उतरताना म्हणाल्या. "देवी सापडली तर ती माझ्याकडं ऱ्हाऊ देशील का?"

"आधी सापडू तर द्या," केसरबाई म्हणाल्या, आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या.

पाचोडचा बाजार म्हणजे माणसांचा महापूर. दोघी एका टोकाकडून विचारत निघाल्या. नाव माहीत नव्हतं, मग जे माहीत होतं ते सांगत सुटल्या.

"भाऊ, मोसंबीची बाग असलेल्या एक बाई..."

मिरचीवाला हसला. "मावशी, इथं दगड मारला तर बागवाल्यालाच लागंल."

"त्यांची लेक वैजापूरला दिलीये. जावई आडतीत."

"नाव?"

"तेच तर नाय ना ठाऊक."

बांगडीवालीनं विचार करून एका घराकडं बोट दाखवलं. तिथं गेल्यावर दारात आलेल्या बाईला केसरबाईंनी थेट विचारलं, "तुमचे मालक ऐकत नायत ना वं?"

"अजिबात ऐकत नाय," ती बाई म्हणाली, "पण बहिरे नायत. तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायला तिनं त्यांना चहाला बसवून घेतलं. तिथून सुटायला बराच वेळ गेला. पुढं एका पुरुषानं विचारलं, "तुम्ही पोलिओवाल्या का?" ऊन चढलं. वच्छलाबाईंचा गुडघा दुखायला लागला. बाजारातल्या लिंबाखाली त्या टेकल्या आणि टोपलीवर हात ठेवून म्हणाल्या, "केसर, नाय सापडणार गं. गाव केवढं झालंय. दुसऱ्याची देवी आपल्याकडं, आपली कुठं कुणाच्या घरात, कोन्यात पडली असंल. तिला कुणी पाणी तरी घातलं असंल का?"

केसरबाई बसल्या नाहीत. समोर एक कासार म्हातारा भांडी मांडून बसला होता. त्याला त्या म्हणाल्या, "बाबा, गेल्या पोळ्याला ज्यांची म्हैस मेली अन् ज्या अजून रडतेत, अशा बाई ठाऊक हायेत का?"

"व्हय की," म्हातारा लगेच म्हणाला. "सांडूची बायको. रत्नमाला. शाळेच्या मागं, निळं दार. त्या म्हशीसाठी ती आख्ख्या गावाला रडवून ऱ्हायली."

निळं दार उघडंच होतं. आत ओसरीवर काठी घेऊन बसलेले सांडू उठले, ओळखीचं हसले, आणि हात वर करून घरात मोठ्यानं ओरडले, "अगं, आली! म्हातारीची माणसं आली!"

रत्नमाला पिठाच्या हातानंच बाहेर आली. वच्छलाबाईंना बघून तिनं कपाळाला हात लावला, पीठ गोंदणावर लागलं. "अगं माय, कुठं व्हत्या तुम्ही? आमच्या ह्यांना मी फुलंब्रीला धाडलं. दिवसभर बाजारात फिरून इचारलं यांनी, फुलंब्रीवाली कोण? लोक म्हणले, इथल्या सगळ्याच! अन् कुणी पत्ता सांगितला असंल तरी ह्यांना कुठला ऐकू आला?"

"मी हर्सूलला ऱ्हाते गं," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं.

रत्नमालेनं दोघींना देवघरात नेलं. तिच्या देव्हाऱ्यात चारच देव होते. वच्छलाबाईंची देवी त्यांच्यात नव्हती. ती शेजारी, वेगळ्या पाटावर बसली होती. खाली नवा हिरवा खण, समोर तांदळाची ओटी, बाजूला हिरव्या बांगड्या, आणि सोललेल्या मोसंबीच्या फोडी वाटीत.

"दुसऱ्या दिवशीच मला कळलं," रत्नमाला म्हणाली. "आमच्या देवीच्या नाकात नथ हाये. ही निघाली झिजलेल्या नाकाची. मी ह्यांना म्हणले, ही तर कुणाची तरी सासूबाई! मंग आपल्या देवांत कशी बसवायची? तिचं कूळ निराळं, मान निराळा. पण दारात आलेली लेकीबाळीची जात, उपाशी कशी ठिवायची? म्हणून माहेरवाशीण म्हणून बसवली. रोज ताजं खाऊ घातलं. तिला घासली नाय मी, बरं का. तुमचंच नाक हाये, तुम्हीच घासा."

वच्छलाबाईंनी देवी उचलली. अंगठा फिरवला. पाठ उलटी करून बघितली. ठिगळ तिथंच होतं. मग त्यांनी टोपलीतून नथवाली काढून रत्नमालेच्या हातावर ठेवली. "तुमची मी बी घासली नाय. पाण्यानंच धुतली."

रत्नमालेनं नथ जवळून पाहिली. "तशीच हाये," ती म्हणाली, आणि दोघी एकमेकींना मिठी मारून रडल्या. सांडू दारात उभं राहून विचारत होते, "काय झालं? कुणाचं काय झालं?" आणि केसरबाई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगत होत्या, "काय नाय झालं दाजी, सगळं बरं झालं!"

रत्नमालेनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. केसरबाईंची भाकरी पिशवीतच राहिली. निघताना तिनं देवीची ओटी भरली, सासरी जाणाऱ्या लेकीची भरतात तशी. म्हणाली, "रिकाम्या हातानं धाडू नये. पुन्हा कवा यायची ती?" वच्छलाबाईंना त्या क्षणी वाटलं, आपण कोण सांभाळणार देवीला? ती अनोळखी दारात जाऊन बसली, तर तिथंही तिला पाट मिळाला, फोडी मिळाल्या, आणि हाक मारायला माणसं मिळाली. आणि आपल्यालाही मिळालीच की. आपली जाऊ मिळाली, जी इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर होती.

परतीच्या गाडीत केसरबाईंनी टोपली मांडीवर घेतली. मधेच त्या म्हणाल्या, "बाई, मगाशी काय इचारलं व्हतं तुम्ही?"

"देवी माझ्याकडं ऱ्हाऊ देशील का, असं."

"ऱ्हाऊ द्या. पण लगनात मी पाटावर बसवीन, माझ्या हातानं. तुम्ही नुसतं शेजारी उभं ऱ्हायचं, चूक दाखवायला."

"चूक दाखवली तर रागावशील."

"रागावणारच. पण तोंड वाकडं नाय करायची."

वैशाखात लग्न झालं. गोंधळाच्या चौकावर पाचही देव केसरबाईंनी मांडले. भैरवनाथ आणि खंडोबाची जागा चुकली. वच्छलाबाईंनी खुणावलं, त्यांनी डोळे वटारले आणि बदलली. पाहुण्यांत पाचोडचं जोडपं होतं. त्यांनी मोसंबीनं भरलेला हारा आणला होता आणि गोंधळ संपेपर्यंत सांडू पहिल्या रांगेत डोलत बसले होते, ऐकू येवो न येवो.

सत्यम आता वाळूजच्या कंपनीत आहे. त्याची बायको मोनिका तालुक्याला शिवणकामाचं दुकान चालवते. त्यांना मुलगी झाली, ती आता दुडूदुडू चालते आणि आजीच्या म्हशीला घाबरत नाही. सर्जेरावांचा दमा थंडीत वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो, आणि ते दोन्ही ऋतूंत विडी सोडल्याचं सांगतात. कडूबा मागच्या दिवाळीनंतर झोपेतच गेले. त्यांच्या दहाव्याला रत्नमाला आणि सांडू पाचोडहून आले, आणि रत्नमाला वच्छलाबाईंजवळ चार दिवस राहिली. अभयनं सांडूंना कानाचं मशीन घेऊन दिलं. ते मशीन खिशात ठेवतात. म्हणतात, बायको घरी नसली की लावतो.

वच्छलाबाईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा केसरबाई हर्सूलला येऊन राहिल्या. म्हशी शेजारणीवर टाकून, पंधरवडाभर. रोज सकाळी देव त्यांनी घासले, आणि वच्छलाबाई हिरवी पट्टी बांधून खाटेवरून विचारत राहिल्या, "झालं का गं? पाणी बदललं का?"

"बाई, तुम्ही पडून ऱ्हा," केसरबाई म्हणायच्या. "देवाला बी थोडी शांतता पायजे."

आता वच्छलाबाईंना चांगलं दिसतं. कापूस वेचून झाला की तिघी माहूरला जाणार आहेत. रत्नमाला जालन्याला गाडीत बसेल. गुडघा म्हणतो, पायऱ्या जमायच्या नाहीत. केसरबाई म्हणतात, जमतील, मी धरते.